फणसाच्या गिटारीची विद्युत-सहनशीलता चाचणी

एखादी वस्तू वापरात आली की तिच्याविषयी बोलण्यासारखं फारसं काही उरत नाही. पोळपाटावर कोणी परिसंवाद भरवत नाही. खराट्याला कोणी पुरातन म्हणत नाही, कारण तो रोज अंगण झाडतो आणि झिजून मरतो. याउलट ज्या वस्तूला हात लावायची बंदी असते तिच्याभोवती माणसं जमतात. माणसं जमली की मतभेद होतात, मतभेद झाले की मंडळ होतं, आणि मंडळ झालं की रबरी शिक्का करावाच लागतो. संस्कृती म्हणतात ती हीच. (शिक्का करणारे तिला धंदा म्हणतात.)

या नियमाला धरून १९८० च्या सुमारास रत्नागिरीत 'रत्नागिरी शहर विद्युत गिटार रसिक व अभ्यासक मंडळ' स्थापन झालं. राम आळीतल्या एका कापडदुकानाच्या माडीवर दर रविवारी सकाळी दहाला बैठक भरे. मंडळाला अध्यक्ष होते, चिटणीस होते, शिक्का होता, सतरंजी होती, आणि एका सभासदाच्या आखातातल्या मेहुण्याने पाठवलेलं परदेशी गिटारींचं रंगीत सूचिपत्र होतं. गिटार नव्हती. त्यामुळे मंडळाच्या कामात कधी व्यत्यय आला नाही.

सूचिपत्राचं वाचन पोथीसारखं चाले. दर रविवारी एक पान. वाचन अध्यक्ष आप्पा लिमये करत. आप्पा जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. त्यामुळे चित्रातल्या कोणत्याही गिटारीची लांबी-रुंदी ते नुसत्या नजरेने सांगत, आणि शेजारच्या गिटारीचं अतिक्रमण होत असल्यास तेही निदर्शनास आणून देत. लाकडाचा प्रश्न निघाला की चिटणीस बाळा मयेकर बोलत, कारण त्यांचा आंब्याच्या पेट्यांचा व्यापार होता आणि लाकूड कुठे फाटतं ते त्यांना ठाऊक होतं. मंडप-लाउडस्पीकरवाला चिमा शिवलकर हा एकटाच सभासद विजेतलं काही जाणत असे. सबब त्याला विजेच्या विषयावर मत देता येत नसे. त्यात त्याचे हितसंबंध गुंतले आहेत, असं आप्पांचं म्हणणं होतं.

शेवटचं पान झालं की पुन्हा पहिल्यापासून पारायण. नववं पान नव्हतं. ते कोणी नेलं या प्रश्नावर मंडळाच्या दोन निवडणुका लढवल्या गेल्या. त्या पानावरच्या गिटारी कोणीच पाहिलेल्या नसल्यामुळे त्या सर्वोत्कृष्ट होत्या, याविषयी मात्र दोन्ही पक्षांचं एकमत होतं.

अशा सुरळीत चाललेल्या मंडळात १९८४ च्या पावसाळ्यानंतर एका रविवारी सहदेव मांडवकर खरीखुरी गिटार घेऊन शिरला.

सहदेव एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होता. माणूस गरीब. आयुष्यात त्याने कुणाला 'नाही' म्हटलं नव्हतं, फार तर 'वरिष्ठांकडे पाठवलं आहे' म्हटलं होतं. त्याने गोणपाट सोडलं आणि गिटार सतरंजीवर ठेवली. ती भरल्या कळशीएवढी जड होती. खालच्या दुकानात छताची माती पडल्याची नोंद आहे.

ती गिटार झाली कशी हे इथे सांगणं भाग आहे, कारण मंडळाने ते ऐकून घेतलं नाही.

सहदेवचा बापूस रावजी ऐन तारुण्यात मुंबईला एका मोठ्या हॉटेलात भांडी घासायला होता. हॉटेलात रोज संध्याकाळी बँड वाजे आणि त्यात एक विजेची गिटार होती. पाहुण्यांचा दिवाणखाना आणि भांड्यांची मोरी यांच्यामध्ये ढकलायचं दार होतं. वेटर ताटं घेऊन बाहेर गेला की दार उघडे आणि गिटार आत येई. दार मिटलं की पुन्हा भांडी. अशा रीतीने रावजीने पुष्कळ गाणी ऐकली, पण सबंध एकही नाही. कुठल्या गाण्याचं डोकं कुठल्या गाण्याच्या शेपटाला लागलंय हे त्याला कधी उमगलं नाही. पण आवाज कानात बसला तो बसला. नोकरी सोडून गावी निघताना त्याने हॉटेलातल्या फोटोवाल्याकडे गिटारवाल्याचा एक फोटो मागितला. फोटो पाहुण्यांसाठी असतात. भांडीवाल्यांसाठी निगेटिव्ह असते. ती त्याला मिळाली.

पालीजवळच्या आपल्या वाडीत येऊन त्याने ती भागोजी सुताराच्या हातात ठेवली. भागोजी नांगर करी, दारं करी, एकदा पालखीही केली होती. त्याने निगेटिव्ह उन्हासमोर धरली, तीही उलट्या बाजूने.

"रावज्या, ह्यो म्हातारा कोन?"

"म्हातारा नाय. वाजवनारा हाय."

"क्यास पांढरेफेक हायत की रं! आनि दात बग, काळेकुट्ट. मिशेरी लावतो वाटतं."

"मुंबयत आसतात तसे," रावजी म्हणाला. मुंबईत राहून आलेल्या माणसाशी वाद घालायची त्या काळी पद्धत नव्हती.

भागोजीने हुबेहूब केली. मूळ गिटार पांढरी, काळ्या मानेची होती; ही झाली काळी, पांढऱ्या मानेची. काळा रंग होड्यांना फासतात तो, आणि पांढरा म्हणजे चुना. (मान धरणाऱ्याचा हात पांढरा होतो. पान खाणाऱ्यास ही सोय आहे.) मूळ गिटार उजव्या हाताने वाजवायची होती, ही झाली डावखुऱ्याची. मूळ गिटारीला सहा तारा होत्या, पण निगेटिव्हवर एक लांबलचक ओरखडा होता, तेव्हा हिला झाल्या सात. लाकूड फणसाचं, कारण रावजीच्या आगरातला फणस वादळात पडला होता. तारा सायकलच्या ब्रेकच्या, पदर सोडवून घेतलेल्या. आवाज पकडणारं चुंबक आणि वेटोळं एका टेलिफोनच्या रिसीव्हरमधलं. (टेलिफोन आधी बंद पडला की चुंबक आधी निघालं, याविषयी मांडवकरांच्या घरात बोलत नाहीत.) वायरीच्या टोकाला काय असतं ते निगेटिव्हमध्ये आलं नव्हतं. तिथे भागोजीने स्वतःची बुद्धी चालवून टेबलफॅनला असते तशी टू-पिन बसवली.

विजेची गिटार तयार झाली तेव्हा वाडीत वीज नव्हती. ती यायला चौदा वर्षं गेली. तोवर रावजी गिटार मांडीवर घेऊन नुसती छेडायचा आणि डास गुणगुणावा एवढा आवाज व्हायचा. लोकांनी चेष्टा केली की तो म्हणे, "अरे, हिचा खरा आवाज विजंत हाय." ज्या दिवशी वाडीत वीज आली, भाषणं झाली, नारळ फुटला, त्याच दिवशी रावजीने टू-पिन भिंतीत घातली. वाडीच्या इतिहासात वीज आल्याची आणि गेल्याची तारीख एकच आहे. गिटार वाचली. पण रावजीची बायको गंगा उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "घरात दिवा ऱ्हाईल न्हायतर ही सवत ऱ्हाईल. काय ता आताच सांगा." रावजीने दिवा ठेवला. गिटार गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेली.

पुढे गंगा वारली, आणि सहदेवने म्हाताऱ्याला माळनाक्यावर आपल्या दोन खोल्यांत आणलं. तिथे असं लक्षात आलं की रावजीला 'जेवायला बसा' ऐकू येतं, पण 'पुरे करा' ऐकू येत नाही. सहदेवची बायको प्रेमला हा स्वभावदोष समजत होती. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की तसं नाही. उजवा कान निवृत्त झाला आहे आणि डावा हंगामी आहे, फार तर येत्या शिमग्यापर्यंत काम बघेल. इलाज नाही.

रावजीने हे शांतपणे ऐकलं. (म्हणजे डॉक्टर दोनदा ओरडले.) मग घरी येऊन तो म्हणाला, "सहदेवा, मना तिचा आवाज आयकव. डासाचा नको, खराखुरा. म्होटा. येकडाव आयकला का मग कान ऱ्हायला काय, ग्येला काय."

आता सगळ्या रत्नागिरीत 'गिटार' हा शब्द ज्या पाटीवर होता अशी पाटी एकच होती. म्हणून सहदेव राम आळीतल्या माडीवर गेला. तिथे वाजवणारे असतील, अशी त्याची भाबडी समजूत होती. सुतारकामाच्या पाटीखाली सुतार असतो, हा त्याचा अनुभव. पण अभ्यासक मंडळाशी त्याचा पूर्वी संबंध आलेला नव्हता.

गिटार पाहून बैठकीत जी शांतता पसरली ती सूचिपत्रालाही कधी मिळाली नव्हती. आप्पा लिमये चष्मा पुसून खाली वाकले. मग त्यांनी खिशातून टेप काढली.

"मांडवकर, ही कुठल्या कंपनीची?"

"कंपनीची नाय, साहेब. आमच्या भागोजी सुताराने केलीय. निगेटिव्ह बघून, त्यामुळे सगळं उलटं—"

"थांबा, थांबा." आप्पांनी हात वर केला. "मालकाने वस्तूविषयी बोलू नये. दृष्टी कलुषित होते. मयेकर, सात तारा! मोजा, सात! सूचिपत्रात एक तरी आहे का सातांची?"

"नवव्या पानावर असतील," बाळा मयेकर म्हणाले.

"अहो, सप्तसूर! सा रे ग म प ध नी. प्रत्येक सुराला एक तार. पाश्चात्त्यांना हे अजून सुचलेलं नाही."

"मला विचाराल तर सातवी ही स्टेपनी आहे," मयेकर म्हणाले. "एक तुटली की दुसरी."

"साहेब, तो ओरखडा—" सहदेव म्हणाला.

"मांडवकर, तुम्ही चहा घ्या."

सहदेवने चहा घेतला. त्यानंतर तीन प्रश्न निघाले आणि तिन्ही प्रश्नांना दोन बाजू निघाल्या. गिटार डावखुरी आहे की उजवीच असून तारा उलट्या लावल्या आहेत? मानेचा चुना मूळचा की नंतरच्या कुणी अडाण्याने फासलेला? आणि टू-पिन हा विजेचा भाग आहे की अलंकार? आप्पांच्या पक्षाचं म्हणणं, गिटार बरोबर आहे, जगातल्या बाकी गिटारी उलट्या आहेत. मयेकरांच्या पक्षाचं म्हणणं, गिटार चुकलेली आहे आणि तेच तिचं मोल. चिमा शिवलकर दारात बसून विडी पेटवत एवढंच म्हणाला, "आमच्या मशिनाला जोडून वायच बघूया की. पिन बदलली का झाला काम."

बैठकीत कुणीतरी खोकलं. आप्पा लिमये अतिशय सौम्यपणे बोलले. पुरातन वस्तूचं मोल तिच्या मूळ अवस्थेत असतं. ही गिटार मोठ्या आवाजात आजतागायत वाजलेली नाही, म्हणजे न वाजणं ही तिची मूळ अवस्था होय. ती वाजवणं म्हणजे शिवलकरांनी शिवकालीन तोफेत कांदे साठवण्यासारखं आहे. प्रश्न इतकाच की ती पुरातन ठरते काय. यावर मतदान होऊन, माणसाला मताचा अधिकार (तेव्हाच्या कायद्याने) एकविसाव्या वर्षी मिळतो त्या अर्थी गिटारीलाही पुरातनत्व एकविसाव्या वर्षीच मिळावं, असं ठरलं. गिटार १९६१ ची. पास झाली.

'सदर वस्तू मंडळाच्या अभ्यासार्थ, अभ्यास पूर्ण होईतो, मंडळाच्या ताब्यात राहील,' असा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. सर्वानुमते, कारण सहदेवला तिथल्या तिथे सभासद करून घेण्यात आलं आणि त्याने सवयीने हात वर केला.

घरी रावजी वाट पाहत बसला होता.

"वाजली?"

"अभ्यास चालू आहे, बाबा," सहदेव ओरडला.

"कुनाचा?"



अभ्यास खरोखर नेटाने झाला. दिवाळीपर्यंत गिटार काचेच्या कपाटात गेली. तुळशीच्या लग्नापर्यंत कपाटाला कुलूप लागलं. किल्ली कोणी ठेवावी यावर उपसमिती बसली, आणि उपसमितीतल्या दोन गटांनी दोन कुलपं लावली. हेदवीहून, संगमेश्वराहून माणसं गिटार पाहायला येऊ लागली. त्यांना काचेपासून हातभर दूर उभं करून आप्पा पट्टीने दाखवत, "ही सातवी. हिच्याविषयी बोलायला एक जन्म पुरायचा नाही." माणसं हात जोडत. काहींनी नारळ ठेवले. ते मयेकरांनी अलंकार या सदरात जमा धरले.

तिकडे रावजीचा डावा कान एकेक कामाचा पदभार सोडत होता. आधी पारवे गेले. मग शेजारणीची पाट्यावरची खसखस गेली. (वाटण्याची.) मग नळाला पाणी आल्याचा सुस्कारा गेला, तेव्हा एकदा हंडा भरून पाणी जिन्यापर्यंत आलं. पौष उजाडला तसा कावळा गेला. एस.टी.चा भोंगा आणि प्रेमला एवढे दोनच आवाज उरले, आणि आपण भोंग्यानंतरही टिकू असा प्रेमलाचा दावा होता. तो पुढे खरा ठरला.

एका संध्याकाळी ती सहदेवपुढे ताट आपटून म्हणाली, "अवो, तुमी गिटार दाखवायला न्हेलात का तिचं कन्यादान करून आलात? मामंजी रोज विचारतात. मी काय सांगू? सासरी सुखात हाय म्हणून?"

"मंडळाचा ठराव आहे गं."

"ठरावाला कान हायत?"

"नियमाप्रमाणे वाजवायला बंदी आहे."

"मग वाजवू नका. तुमच्या कचेरीत काय करता? शिपाय सांगतो साहेब नायत, साहेब आत पेपर वाचत आसतात. नाव बदला नि काम करा!"

सहदेवचा घास हातात राहिला. चौदा वर्षं तो आवक-जावकच्या खिडकीत बसला होता आणि कोणतं काम कोणत्या नावाने अडतं नि कोणत्या नावाने सुटतं हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. कचेरीत झाड तोडायला परवानगी मिळत नसे. 'फांद्यांचा समतोल साधण्यास' मिळे, आणि समतोल साधता साधता खाली बुंधा उरे. आपल्या बापासाठी हीच विद्या वापरायची असते, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या आठवड्यात मंडळाकडे एक अर्ज आला. विषय: 'काचेच्या कपाटातील पुरातन वस्तूची विद्युत-सहनशीलता चाचणी घेणेबाबत.' अर्जात वाजवणं हा शब्द नव्हता. सदर वस्तू विजेची असल्याचा मंडळाचा दावा आहे. तथापि सदर दावा अद्याप सिद्ध झालेला नाही. उद्या एखाद्या प्रतिस्पर्धी मंडळाने आक्षेप घेतल्यास (प्रतिस्पर्धी मंडळ नव्हतं, पण 'उद्या' या शब्दाला कोणतंही मंडळ घाबरतं) नाचक्की होईल. सबब तारांना एकवार आघात देऊन वस्तू वीज सहन करते काय हे पाहावं. 'चाचणीदरम्यान काही ध्वनी उद्भवल्यास तो आनुषंगिक समजण्यात यावा, व त्याची दखल घेणे सभासदांवर बंधनकारक राहू नये.'

आप्पा लिमयांनी अर्ज मोठ्याने वाचला आणि त्यांचे डोळे पाणावले. "मांडवकर," ते म्हणाले, "तुमच्यात एवढा अभ्यासक दडलाय हे आम्हाला माहीत नव्हतं."

पिन काढण्याला मयेकरांचा विरोध होता. चिमाने तोडगा काढला: मूळ पिन तशीच ठेवायची आणि तिच्या दोन खिळ्यांना मशिनाची वायर चिकटपट्टीने बांधायची. अलंकाराला धक्का नको. चाचणी शिमग्याच्या आदल्या रविवारी ठरली. त्या रविवारपर्यंत रावजीचा कान टिकेल की नाही, हे कुणाच्या अजेंड्यावर नव्हतं. सहदेवने त्या दिवसांत रोज सकाळी बापाच्या डाव्या कानाशी जाऊन 'बाबा' अशी हाक मारायला सुरुवात केली. पहिल्यांदा हळू, मग जरा मोठ्याने. आधी म्हातारा पहिल्या हाकेला वळे. मग दुसऱ्या. शेवटच्या आठवड्यात सहदेव हाक मारी आणि म्हातारा खिडकीबाहेर बघत राही. मग सहदेव पुढे येऊन उभा राही, आणि रावजी म्हणे, "आज हाक मारली नायस ती?"

रविवारी त्याला माडीवर आणलं तेव्हा एस.टी.चा भोंगाही गेलेला होता.

माडी भरली होती. दोन्ही गटांच्या दोन किल्ल्या लागल्या, कपाट उघडलं. चिमाने लग्नातलं मशीन मांडलं, आणि लग्नातलाच कर्णा खिडकीतून राम आळीवर तोंड करून टांगला. कर्णा दुसरीकडे टांगायची त्याला सवय नव्हती. आप्पांनी टेप घेतली, खिडकीच्या काचा किती हलतात ते मोजायला. मयेकर खाली वाकून बसले, चुना किती पडतो ते बघायला. वीज सोडली. कर्ण्यातून बारीक घुर्र झाली.

"आता आघात द्या," आप्पा म्हणाले.

कुणी हलेना. आघात देणारा निष्पक्ष हवा, असं एकाने सुचवलं. आप्पांनी आजच नखं कापली होती. मयेकरांच्या हाताला पेट्यांचे खिळे लागले होते. संगमेश्वरचे पाहुणे म्हणाले, आम्ही पाहुणे. जवळजवळ पाच वर्षं गिटारीवर बोललेली माणसं त्या सात तारांकडे, जत्रेतल्या सर्कशीच्या वाघाकडे बघावं तशी बघत होती, पिंजरा उघडल्यावर.

"बाबा," सहदेव म्हणाला आणि हाताने गिटारीकडे खूण केली.

रावजी उठला. त्याने गिटार उचलली, निगेटिव्हमधला म्हातारा धरी तशी डावीकडून धरली आणि सतरंजीवर फतकल मारली. घुर्र त्याला ऐकू येत नव्हती. त्याच्या दृष्टीने गिटार अजून डासाचीच होती. मग त्याने एक गोष्ट केली. झाडावरचा फणस तयार झाला की नाही हे बघायला कोकणी माणूस फणसाला गाल लावतो आणि टिचकी मारतो. रावजीने गिटारीच्या काळ्या लाकडाला जबडा टेकला, डोळे मिटले, आणि साती तारांवर हात मारला.

राम आळीतल्या कौलांवरचे सगळे पारवे एकदम उठले. खालच्या कापडदुकानात मालकाने पाच वार कापड मापलं होतं ते सहा झालं, आणि गिऱ्हाइकाने काही न बोलता घेतलं. गोखले नाक्यावर एक सायकलवाला उतरून आपली चेन तपासू लागला. माडीवर मयेकरांच्या टकलावर पसाभर चुना पडला.

रावजी तसाच बसून होता, जबडा लाकडावर. त्याने दुसऱ्यांदा हात मारला. मग मान न उचलता म्हणाला, "म्होटा हाय रं. चिमा, वायच बारीक कर."

चिमाने कळ फिरवली. सहदेव खिडकीशी गेला आणि कर्ण्याची दोरी घट्ट करू लागला. दोरी घट्टच होती. बराच वेळ तो तीच गाठ सोडून पुन्हा मारत राहिला, सभेकडे पाठ करून.

पुढच्या बैठकीत मंडळाने दुःखाने नोंद केली की सदर वस्तू वाजते. वाजणारी वस्तू ही वापरातली वस्तू, आणि वापरातली वस्तू अभ्यासाच्या कक्षेबाहेर. सबब ती मालकास परत करण्यात यावी. 'मोठा आहे' हे जे एकमेव मत चाचणीत व्यक्त झालं, ते एका बहिऱ्या इसमाचं असल्याने इतिवृत्तात घेऊ नये.

माळनाक्यावर आता रोज सकाळी चिमाच्या जुन्या मशिनाला जोडून गिटार वाजते. रावजी गाल टेकून बसतो आणि एकेक तार छेडतो. गाणं असं त्यात काही नसतं. शेजारी तक्रारी करतात. त्या त्याला ऐकू येत नाहीत. प्रेमला म्हणते, "मामंजींचे कान लाकडात ग्येले, आमचे त्या लाकडापायी जानार." पण अंगणात कपडे वाळत घालायला ती तीच वेळ धरते.

मंडळ संपलं असं मात्र कुणी समजू नये. चाचणीत उद्भवलेला आवाज नेमका कसा होता, हा नवा विषय हाती आला आहे. अडचण एवढीच की त्या वेळी आप्पा काचा मोजत होते, मयेकर चुना बघत होते, बाकीचे त्या दोघांना बघत होते, आणि आवाज ऐकायचं राहून गेलं. माळनाक्यावर जाऊन ऐकता येईल, असं चिमा म्हणतो. पण त्यामुळे अभ्यासात पूर्वग्रह शिरेल. काम वाढल्यामुळे मंडळाला नवे सभासद हवे आहेत. पात्रता कडक आहे. उमेदवाराला लाकूड, रंग, चुना आणि तारांची संख्या तोंडपाठ हवी. वादाच्या दोन्ही बाजू सांगता यायला हव्यात. आणि एवढं सगळं कळूनही, बसल्या जागेवरून उठून ती गिटार एकदा ऐकून यावी, असं त्याच्या मनात आलेलं नसावं.

आपण हे शेवटपर्यंत बसून वाचलंत. आपली निवड बिनविरोध झालेली आहे. रविवारी दहाला या. उशीर झाला तरी हरकत नाही, चर्चा संपलेली नसेल.